ठाणे-कल्याणमधील धर्मग्रंथ आणि देशाचार

ठाणे ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होती. त्यांच्या लेखांत तिचे नाव स्थानक किंवा श्रीस्थानक असे येते. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात बांधकामासाठी पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट सापडला आणि पुढच्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापून आले. शके ९३९, म्हणजे इ.स. १०१७ च्या कार्तिक पौर्णिमेला चंद्रग्रहणाच्या पर्वावर राजाने आपला पुरोहित टिक्कपैय याला गावे दान दिली, असा त्यातला मजकूर आहे. नऊ वर्षांनी, १०२६ मध्ये, छित्तराज राजाने षट्षष्टीतल्या, म्हणजे आजच्या साष्टीतल्या, नौर गावचे शेत आमदेवैय नावाच्या ब्राह्मणाला दिले. भांडुपला मिळालेल्या त्या ताम्रपटात दान घेणाऱ्याचे गोत्र पराशर आणि शाखा छांदोग, म्हणजे सामवेदाची, असे नोंदले आहे. दान घेणारा ब्राह्मण कोणत्या वेदाच्या कोणत्या शाखेचा, हे जमिनीच्या कागदात लिहावे लागत होते. राजाच्या दृष्टीने तो वेदशाखेचा एक चालता ग्रंथच होता आणि तो ग्रंथ टिकावा म्हणून जमीन दिली जात होती.

श्रुती म्हणजे वेद. ऋग्, यजुस्, साम आणि अथर्व या प्रत्येकाची संहिता, तिला जोडलेली ब्राह्मणे, आरण्यके आणि उपनिषदे मिळून हा भाग होतो. तो शतकानुशतके मुखोद्गत राहिला. पाठात चूक शिरू नये म्हणून पद, क्रम, जटा, घन अशा पद्धतींनी शब्दांची उलटसुलट गुंफण करून तो घोकला जाई. एका माणसाला सगळे वेद येणे दुर्मीळ, म्हणून घराण्यागणिक शाखा वाटली गेली. कोकणस्थांत ऋग्वेदाचे आश्वलायन सूत्र आणि कृष्ण यजुर्वेदाचे हिरण्यकेशी सूत्र पाळणारी घराणी आहेत. जुन्या ठाणे जिल्ह्यात आणि मुंबईत भिक्षुकी करणारे पळशीकर ब्राह्मण शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे. लग्नमुंजीच्या वेळी गुरुजी यजमानाला ‘सूत्र कोणते?’ असे विचारतात तेव्हा ते याच जुन्या वाटणीची चौकशी करत असतात, मग यजमानाला उत्तर येवो अथवा न येवो.

संहितेत मंत्र आहेत, पण कोणता मंत्र केव्हा म्हणायचा आणि हातांनी काय करायचे हे गृह्यसूत्रे सांगतात. गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंतचे संस्कार त्यांतून आले. ते सोळा असे आपण सहज म्हणतो, पण गौतम धर्मसूत्रात ही संख्या चाळीस आहे. आश्वलायन गृह्यसूत्र विवाहाचा विधी सांगण्यापूर्वीच कबूल करते की देशोदेशींचे आणि गावोगावचे आचार निरनिराळे आहेत आणि लग्नात ते पाळावेत. आपस्तंब तर एक पाऊल पुढे जातो आणि लग्नातले काही आचार स्त्रियांकडून समजून घ्यावेत असे सांगतो. ग्रंथाने आपल्या बाहेरच्या गोष्टींना दिलेली ही जागा ठाणे-कल्याणच्या इतिहासात फार उपयोगी पडली.

स्मृतींच्या बाबतीत ठाण्याचे स्थान खरोखर मोठे आहे आणि ते फार थोड्या ठाणेकरांना ठाऊक असते. याज्ञवल्क्य स्मृती हा सुमारे हजार श्लोकांचा ग्रंथ आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त अशा तीन अध्यायांत विभागलेला आहे. त्यावरच्या टीकांपैकी सर्वांत प्रसिद्ध ‘मिताक्षरा’ विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. ती कल्याणी म्हणजे बिदरजवळचे आजचे बसवकल्याण, उल्हास नदीकाठचे कल्याण नव्हे. मिताक्षरेनंतर थोड्याच काळाने, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, त्याच स्मृतीवर आणखी एक विस्तृत टीका तयार झाली. तिच्या समाप्तीच्या मजकुरात कर्ता स्वतःला जीमूतवाहनाच्या वंशातला, विद्याधर कुळातला शिलाहार राजा अपरादित्य म्हणवतो. हा ठाण्याचा राजा आणि ही टीका म्हणजे ‘अपरार्क’. राजाच्या नावावरचा ग्रंथ पदरच्या पंडितांनी लिहिला असण्याची शक्यता नेहमीच असते, तरी त्यामागची राजसभा ठाण्याचीच होती.

अपरार्काला टीका म्हणण्यापेक्षा निबंध म्हणणे जास्त योग्य. मूळ श्लोकाचा अर्थ सांगून तो थांबत नाही. इतर स्मृती आणि पुराणे यांतले लांबच लांब उतारे तो एकत्र आणतो, विशेषतः दान, व्रत आणि श्राद्ध या विषयांवर. मिताक्षरा पुराणांच्या बाबतीत हात आखडता घेते, अपरार्क सढळपणे घेतो. आचारात वेदाइतकेच पुराणही चालू लागल्याचे चित्र त्यातून दिसते. ग्रंथाची कीर्ती लांब गेली. काश्मीरचा कवी मंख याच्या ‘श्रीकंठचरित’ काव्यात विद्वानांच्या एका सभेचे वर्णन आहे आणि त्या सभेत कोकणच्या अपरादित्याने पाठवलेला तेजकंठ नावाचा दूत हजर आहे. काश्मिरी पंडितांनी पुढे अपरार्काला प्रमाणग्रंथ मानले. ही टीका विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या आनंदाश्रमाने छापली. भारतरत्न पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केलेल्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’मध्ये तिला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. राजधानी म्हणून स्थानक विद्वानांना आश्रय देत होते, याचा दुसरा दाखला सोड्ढलाचा. लाट देशचा हा कायस्थ लेखक अकराव्या शतकात शिलाहारांच्या दरबारी होता आणि ‘उदयसुंदरीकथा’ हे चंपूकाव्य त्याचे.

शिलाहार राज्य १२६५ च्या सुमारास संपले. देवगिरीच्या महादेव यादवाने शेवटचा राजा सोमेश्वर याचा समुद्रावर पाडाव केला. सोमेश्वर बुडून मेला ही हकीकत एका धर्मशास्त्रग्रंथात वाचायला मिळते. महादेवाचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा व्रत, दान, श्राद्ध, काल यांचा प्रचंड संग्रह केला आणि त्याच्या व्रतखंडाच्या आरंभी धन्याच्या पराक्रमाची प्रशस्ती जोडली. कोणत्या तिथीला कोणते व्रत करावे हे सांगणाऱ्या पोथीच्या सुरुवातीला ठाण्याच्या राजघराण्याचा शेवट नोंदलेला असावा, हा योगायोग चमत्कारिक आहे. श्रावणीला जानवे बदलताना म्हटला जाणारा लांबलचक प्रायश्चित्ताचा संकल्प आजही हेमाद्रीच्याच नावाने ओळखला जातो.

संकल्पाविषयी थोडे थांबून सांगायला हवे. घरातली कोणतीही पूजा हातावर पाणी घेऊन संकल्पाने सुरू होते. त्यात भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीच्या दक्षिण तीराचा प्रदेश अशी जागा सांगितली जाते आणि मग शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र असा काळ येतो. शेवटी यजमानाचे गोत्र, नाव आणि पूजेचा हेतू. शिलाहारांचे ताम्रपट चाळले की हाच सांगाडा दिसतो: शक, संवत्सर, महिना, तिथी, पर्व, गावाची चतुःसीमा, घेणाऱ्याचे गोत्र, दानाचा हेतू. दान हाही विधीच होता आणि ताम्रपट म्हणजे त्या संकल्पाची धातूवर उठवलेली नक्कल, असे म्हणायला हरकत नाही. पूजेचे उपचारही तेव्हापासून ठरलेले. दुसऱ्या अपरादित्याचा ११८७ चा परळचा शिलालेख साष्टीतल्या महवली गावच्या बागेच्या उत्पन्नातून वैद्यनाथ देवाच्या पंचोपचार पूजेसाठी चोवीस द्रम्म नेमून देतो. गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य हे ते पाच. दान मोडणाऱ्याला त्याच शिळेवर गाढवाची शिवी आहे. धर्मशास्त्रातल्या शापाने भागत नसेल तर गावच्या भाषेतली शिवी कामाला येत असावी.

पुराणे बहुतेकांना वाचायला मिळत नसत, ती पाहायला मिळत. कल्याणच्या पुढे अंबरनाथला वालधुनी नदीच्या काठी शके ९८२, म्हणजे १०६० मधला शिलालेख असलेले शिवमंदिर उभे आहे. ते मुम्मुणी राजाच्या कारकिर्दीत पुरे झाले. भूमिज शैलीचे हे देऊळ बाहेरून मूर्तींनी इतके भरलेले आहे की प्रदक्षिणा घालणाऱ्याला शिवपुराण वाचल्यासारखे वाटावे. शिवपार्वती, महिषासुरमर्दिनी, भैरव, नर्तकी, तपस्वी असे सगळे तिथे आहे. गाभारा मात्र वीस पायऱ्या खाली, जवळजवळ काळोखात, आणि त्यात एकही शिल्पकथा नाही. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते आणि रांगेतल्या लाखो माणसांपैकी बहुतेकांचे लक्ष त्या खालच्या पिंडीकडेच असते.

पुराणाचा आणखी एक प्रकार स्थळकथेचा. टिटवाळ्याच्या महागणपतीची कथा सांगते की हा कण्वमुनींचा आश्रम होता आणि दुष्यंताने विसरलेल्या शकुंतलेला मुनींनी इथेच गणेशव्रत सांगितले. महाभारताच्या आदिपर्वात कण्वाचा आश्रम हिमालयाच्या पायथ्याशी मालिनी नदीकाठी आहे आणि गणेशव्रताचा तिथे उल्लेख नाही. तरी हे खोटे म्हणून बाजूला सारण्याने काही साधत नाही. पुराणकथा गावात आणून वसवणे ही भारतभरची जुनी रीत आहे. पंचवटी आणि रामटेक यांनी रामायण महाराष्ट्रात आणले, टिटवाळ्याने शकुंतला आणली. देऊळ उभारले ते थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात. अंगारकी संकष्टीला कल्याण-कसारा मार्गावरच्या लोकलगाड्या या कथेच्या बळावर भरून जातात.

मधल्या काळात या पट्ट्याचे दोन भाग पडले होते. १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि ठाण्यातली, साष्टीतली देवळे पाडली गेली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यात चर्च झाले. कल्याणवर पोर्तुगीजांचा अंमल कधी टिकला नाही. ते निजामशाही आणि आदिलशाही यांच्याकडून फिरत १६५७ मध्ये शिवाजी महाराजांकडे आले. साष्टीतल्या त्या पाडापाडीमुळे ठाण्यातल्या बहुतेक देवळांचा लेखी इतिहास मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई घेतल्यावरच सुरू होतो. मासुंदा तलावाकाठचे कौपीनेश्वर मंदिर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० च्या सुमारास बांधले. शिलाहारकालीन देवळाची पिंड तलावात सापडली अशी परंपरा सांगितली जाते. १८७९ मध्ये ठाणेकरांनी वर्गणी काढून देवळाचा विस्तार केला. एका सरदाराने बांधलेल्या देवळाला गावाच्या वर्गणीने वाढवायचे, यात आश्रयदाता बदलल्याचे स्पष्ट दिसते. ताम्रपट देणारा राजा गेला, सुभेदार गेला, आता पावतीपुस्तक आले.

पेशवाईत धर्मग्रंथ हे भांडणाचेही साधन होते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची वस्ती ठाणे-कल्याण भागात दाट होती. त्यांना वेदोक्त कर्माचा अधिकार आहे की पुराणोक्ताचाच, यावरून ग्रामण्ये, म्हणजे जातीतले बहिष्काराचे वाद, उठली, काशीच्या पंडितांपर्यंत निर्णय मागितले गेले. मंत्र वेदातला म्हणायचा की पुराणातला, एवढ्या एका प्रश्नावर जातीची प्रतिष्ठा तोलली जात होती. विधीतले हातवारे दोन्हीकडे जवळपास सारखेच होते.

इंग्रजी अमलात स्मृती कोर्टात गेली. हिंदूंच्या वारसा, दत्तक, वाटणी या बाबी त्यांच्या शास्त्राप्रमाणे ठरवायच्या असे धोरण होते, म्हणून न्यायाधीशांना कोणत्या प्रांतात कोणता ग्रंथ चालतो हे ठरवावे लागले. महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे मिताक्षरा पहिली. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण एवढ्या भागात मात्र मतभेद असेल तिथे ‘व्यवहारमयूख’ श्रेष्ठ मानला गेला. मयूखाचा कर्ता नीलकंठ भट्ट सतराव्या शतकात काशीत राहत होता, पण त्याचे घराणे मूळचे पैठणचे. त्याच्या ग्रंथाचे हॅरी बॉरोडेल यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८२७ मध्ये निघाले आणि ते वकिलांच्या टेबलावर गेले. मयूखाची हद्द दक्षिणेकडे चौल-नागोठण्यापर्यंत मानण्यात आली. ठाणे, कल्याण, भिवंडी या हद्दीच्या आत. याचा फायदा कोणाला? निपुत्रिक मेलेल्या भावाच्या वारसांत मयूख बहिणीला आजीच्या पाठोपाठ जागा देतो. एका पैठणी पंडिताने काशीत केलेला अर्थ ठाणे जिल्ह्यातल्या एखाद्या विधवेच्या किंवा बहिणीच्या हिश्शाचा निकाल लावत होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर या भेदाला व्यवहारात महत्त्व उरले नाही. अपरार्क लिहिला गेला त्याच गावात न्यायालयाने मात्र अपरार्काला मयूखाच्या मागे बसवले होते.

आतापर्यंतचे ग्रंथ संस्कृत आणि त्यांचे धनी मोजके. ठाणे-कल्याणचे बहुसंख्य रहिवासी आगरी, कोळी, कुणबी, वारली, ठाकूर, कातकरी. त्यांच्या विधींचे शास्त्र तोंडी होते आणि ते पुष्कळसे स्त्रियांच्या ताब्यात होते. आगरी लग्नात धवलारीण असते. हळद, मांडव, देवक, घाणा भरणे, वरात अशा प्रत्येक टप्प्याला तिचे वेगळे गीत असते. त्याला धवला म्हणतात. कोणता विधी कधी हे तिच्या गाण्यावरून ठरते आणि तिच्यापुढे घरातल्या जाणत्या माणसांचेही चालत नाही. अनेक गावांत भटजींच्या मंगलाष्टकांआधी लग्नाचा मोठा भाग तिच्या हातून पार पडलेला असतो. वारल्यांच्या लग्नातही धवलेरी लागते. सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसवतात आणि चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. १९७० च्या दशकात वारली चित्रे कागदावर येऊन जगभर गेली, पण ती आधी विधी होती.

धवला हा प्रकार मराठीत जुना आहे. महानुभाव पंथातल्या महदंबेने तेराव्या शतकात रुक्मिणी स्वयंवरावर धवळे रचले आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते ते त्यांमुळेच. आपस्तंबाने लग्नाचे आचार स्त्रियांकडून घ्यावेत असे सांगितले, त्याचा अर्थ समजून घ्यायला आजही आगरी हळदीइतकी चांगली जागा नाही. दुर्दैवाने धवलारिणी कमी होत चालल्या आहेत. हळदीच्या रात्री डीजे लागला की धवला ऐकू येत नाही, आणि ऐकू आला नाही की पुढची पिढी शिकत नाही.

गावदेवीचा कारभारही असाच ग्रंथाबाहेरचा. ठाण्याची घंटाळी, कल्याण पूर्वेची तिसाई ही नावे कोणत्या पुराणात शोधू नयेत. आगरी, कोळी, कायस्थ प्रभू अशा कितीतरी घराण्यांची कुलदेवता कार्ल्याची एकवीरा. चैत्रात तिच्या पालखीला या पट्ट्यातून गावेच्या गावे घाट चढतात. नारळी पौर्णिमेला चेंदणी कोळीवाड्यातून खाडीवर नारळ नेला जातो. त्याच दिवशी त्याच शहरात कोणी हेमाद्रीचा संकल्प म्हणत श्रावणी करत असतो. पंचांगात तिथी एक, शास्त्रे दोन.

या दोन टोकांना जोडणारे तिसरे शास्त्र मराठीत लिहिले गेले. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे ठाण्यात यादवांचा अंमल होता त्या काळातली. एकनाथांनी १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत केली आणि पुढे वारकऱ्यांत ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आणि तुकोबांची गाथा यांना वेदांची जागा मिळाली. कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या आगरी गावांत अखंड हरिनाम सप्ताह होतात: पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटी काल्याचा प्रसाद. ही परंपरा या भागात रुजवणाऱ्यांत ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे यांचे नाव अग्रभागी आहे. डोंबिवलीतले क्रीडासंकुल त्यांच्या नावाचे आहे, आणि तिथे खेळायला जाणाऱ्या मुलांना ते कीर्तनकार होते हे बहुधा सांगावे लागते.

जुन्या मराठी ग्रंथांचा शोध घेणारा माणूसही ठाण्याचाच. विनायक लक्ष्मण भावे यांचा धंदा मिठागरांचा आणि छंद जुन्या पोथ्यांचा. १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले, त्याच्या संस्थापकांत ते होते. १९०३ पासून ‘महाराष्ट्र कवि’ मासिकातून त्यांनी अप्रकाशित प्राचीन काव्ये छापायला घेतली, महानुभावांच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वळवले आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून संतवाङ्मयाचा सलग इतिहास उभा केला. कल्याणला सार्वजनिक वाचनालय त्याआधीच, १८६४ मध्ये, सुरू झाले होते. देवघरात लाल कापडात बांधलेली पोथी यामुळे कपाटात आली आणि पूजेच्या वस्तूची वाचायची वस्तू झाली.

छापखान्याचा विधींवर झालेला परिणाम याहून मोठा. मुंबईचे गणपत कृष्णाजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पंचांग छापले. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी तूप घालून शाई केली असे सांगतात. त्याआधी तिथी कळायची ती जोश्याने दारी येऊन सांगितल्यावर. मग व्रतकथांच्या पुस्तिका आल्या, पूजाविधीची पुस्तके आली, १९७३ मध्ये ज्योतिर्भास्कर जयंत साळगावकर यांचे ‘कालनिर्णय’ आले आणि पंचांग स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागले. संकष्टीचा चंद्रोदय पाहायला गुरुजी लागत नाहीत, हे आता कोणाला विशेष वाटत नाही.

पुस्तकांनी काही विधी वाढवले, काही मागे टाकले. सत्यनारायण हे त्याचे ठळक उदाहरण. पाच अध्यायांची ही कथा स्कंदपुराणाच्या रेवाखंडातली म्हणून वाचली जाते, पण हेमाद्रीसारख्या जुन्या निबंधकारांच्या व्रतांत तिचा पत्ता नाही. बंगालात सत्यपीराच्या नावानेही अशीच पूजा चाले आणि सत्यनारायण तिकडूनच पसरला असे अभ्यासक मानतात. आज ठाणे-डोंबिवलीत लग्नानंतर, नव्या ब्लॉकच्या वास्तुशांतीला, सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमाला, रिक्षा स्टँडवर, सरकारी कचेरीतसुद्धा ही पूजा होते. तिला मुहूर्त फार अडवत नाही, सोवळ्याची सक्ती नाही, पतिपत्नी दोघे बसतात, आणि सव्वाच्या मापाने केलेला शिरा सगळ्यांना वाटता येतो. चाळीत आणि इमारतीत राहणाऱ्यांना नेमके हेच हवे होते.

आता गणपती. १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. त्या रुळांवरून पुढे कोकण आणि देशावरची कुटुंबे इथे राहायला आली आणि आपापले कुळाचार घेऊन आली. कल्याणच्या सुभेदारवाड्यातला सार्वजनिक गणेशोत्सव १८९५ पासूनचा. डोंबिवलीत १९२४ मध्ये गणेश मंदिर उभे राहिले. तेव्हा हे लहानसे गाव होते. देऊळ पुढे फडके रोडवरच्या सगळ्या सांस्कृतिक उलाढालीचे केंद्र झाले. घरोघरची गणेशपूजा पाहिली तर धर्मग्रंथांचे सगळे थर एका तासात दिसतात. मूर्ती पार्थिव, मातीची. आधी संकल्प, मग प्राणप्रतिष्ठा, मग षोडशोपचार. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य आणि शेवटचे नमस्कार, प्रदक्षिणा, मंत्रपुष्प हे सोळा उपचार ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचांना जोडलेले आहेत, एका उपचाराला एक ऋचा. त्या ऋचा गणपतीविषयी नाहीत. अथर्वशीर्ष हे नावाने अथर्ववेदाचे, पण उत्तरकालीन उपनिषद. पत्रींची आणि दूर्वांची नामे पौराणिक, आरती मराठी, आणि उकडीचे मोदक कोणत्याही सूत्रात नसले तरी त्यांच्यावाचून पूजा पुरी झाली असे कोणी मानत नाही. गौरी तर घरागणिक वेगळ्या: कोणाच्या खड्यांच्या, कोणाच्या तेरड्याच्या, कोणाच्या मुखवट्याच्या. तिथे शास्त्र घरातल्या सासूचे.

पौरोहित्यातही बदल झाले. भाद्रपदात गुरुजी मिळेनात तेव्हा कॅसेट लावून पूजा सुरू झाली, नंतर सीडी आणि मोबाइल आला. पुण्यात १९७० च्या दशकात शंकरराव थत्ते यांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली आणि ती लाट ठाणे-डोंबिवलीतही आली. वेदमंत्रांच्या अधिकारावरून झगडलेल्या या प्रांताने स्त्री पुरोहितांना तुलनेने शांतपणे स्वीकारले. त्यामागे शास्त्रार्थापेक्षा गुरुजींची टंचाई अधिक होती, असे दिसते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानने गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली. ठाण्यात ते काम कौपीनेश्वर सांस्कृतिक न्यासाने उचलले. गुढीपूजन, कडुनिंबाची पाने आणि पंचांगातले वर्षफल ऐकणे हा पाडव्याचा घरातला आचार जुना, पण मिरवणुकीला कोणत्याही निबंधग्रंथाचा आधार नाही. तरी पंचवीस-तीस वर्षांत ती इतकी रूढ झाली आहे की नव्या पिढीला ती पूर्वापार वाटते. याज्ञवल्क्याने धर्माच्या प्रमाणांत श्रुती-स्मृतींच्या पाठोपाठ सदाचार ठेवला आहे. आचार रूढ व्हायला किती वर्षे लागावीत हे त्याने सांगितलेले नाही.

विसर्जनाचा प्रश्नही याच कसोटीवर सुटला. तलावांचे शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींनी तलाव भरू लागले, तेव्हा महापालिकेने कृत्रिम तलाव केले आणि इतर शहरांनी पुढे त्यांचे अनुकरण केले. सुरुवातीला आक्षेप आले की हे शास्त्राला धरून नाही. पूजाविधीच्या पोथीत असे आहे की उत्तरपूजा करून अक्षता वाहिल्या आणि मूर्ती जागेवरून हलवली की आवाहन केलेले देवत्व परत गेले. त्यानंतर मृण्मय मूर्ती पाण्यात सोडायची. ते पाणी कोणत्या तलावाचे असावे याविषयी पोथी काही सांगत नाही. मूर्ती मातीची असावी एवढे मात्र ती स्पष्ट सांगते, आणि बाजारातल्या बहुतेक मूर्ती तशा नसतात.